डिस्क जोडण्याचा अधिकार

१९९५च्या सुमारास लिनक्स वापरणाऱ्याला फ्लॉपीवरचं एखादं पत्र वाचायचं असेल, तर फ्लॉपी नुसती ड्राईव्हमध्ये सरकवून भागत नसे. टर्मिनल उघडायचं, ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड द्यायचा आणि ‘माउंट’ ही आज्ञा लिहायची. त्या आज्ञेत उपकरणाचं नाव, त्यावरच्या फाइल सिस्टीमचा प्रकार आणि ती कोणत्या फोल्डरला जोडायची हे सगळं सांगावं लागे. काम झालं की ‘यूमाउंट’ लिहून फ्लॉपी सोडवायची आणि मगच बटण दाबून बाहेर काढायची. हा शेवटचा टप्पा विसरला, तर लिहिलेला मजकूर पुष्कळदा फ्लॉपीवर उतरलेलाच नसे.

आज त्याच लिनक्सवर पेनड्राईव्ह लावला की काही क्षणांत आतल्या फाइलींची खिडकी समोर येते. इथवर पोहोचायला दहाएक वर्षं लागली. उपकरण आल्याचं ओळखणारं तंत्र त्यासाठी घडवावं लागलंच. पण डिस्क जोडण्याचा अधिकार यंत्राच्या व्यवस्थापकाकडून समोर बसलेल्या माणसाकडे कसा आणि किती सोपवायचा, हा प्रश्न त्याहून जास्त काळ छळत राहिला.

या प्रश्नाचं मूळ अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जमध्ये सापडतं. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून तिथे युनिक्स ही संगणकप्रणाली घडवली; लिनक्स पुढे तिच्याच वळणावर गेलं. नोव्हेंबर १९७१च्या पहिल्या युनिक्स मार्गदर्शिकेतच माउंटची आज्ञा आहे. जुलै १९७४मध्ये दोघांनी ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात युनिक्सची ओळख करून देणारा निबंध लिहिला. त्यात काढता-घालता येणाऱ्या फाइल सिस्टीमवर एक स्वतंत्र भाग होता. कल्पना देखणी होती. युनिक्समध्ये सगळ्या फोल्डरांचं एकच झाड असतं. प्रत्येक डिस्कला सी, डी अशी वेगळी अक्षरं नसतात. नवी डिस्क आली की तिचं झाड मूळ झाडाच्या एका फांदीवर कलम करायचं. पुढे वापरणाऱ्याला आपण एका डिस्कवरून दुसरीवर गेलो हे कळतही नाही.

त्या काळची काढता येणारी डिस्क म्हणजे १४ इंच व्यासाची चकती असलेली पेटी. पीडीपी-११ संगणकाला लागणाऱ्या आरके०५ जातीच्या अशा पेटीत सुमारे अडीच मेगाबाइट मजकूर मावे. संगणक एक, वापरणारे अनेक, आणि पेट्या बदलणारा व्यवस्थापक वेगळा, अशी ती व्यवस्था होती. अशा ठिकाणी डिस्क जोडण्याचा अधिकार सर्वांना देणं घातक ठरलं असतं. युनिक्समध्ये एखाद्या प्रोग्रॅमवर अशी खूण करता येते की तो कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकारानं चालतो. पासवर्ड बदलणाऱ्या प्रोग्रॅमला ती लागतेच. आता समजा, एखाद्यानं स्वतःच्या यंत्रावर, जिथे तोच सर्वाधिकारी आहे, अशी खूण केलेला प्रोग्रॅम डिस्कवर लिहिला आणि ती डिस्क विद्यापीठाच्या संगणकाला जोडली. तो क्षणात तिथलाही सर्वाधिकारी होईल. किंवा महत्त्वाच्या एखाद्या फोल्डरवर स्वतःची डिस्क जोडून तो तिथल्या मूळ फाइली झाकून टाकेल. म्हणून माउंट ही रूटची मिरासदारी झाली, आणि त्या परिस्थितीत ते योग्यच होतं.

वैयक्तिक संगणकांनी वेगळी वाट धरली. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये साडेतीन इंची फ्लॉपी सरकवली की यंत्राला ते कळे आणि तिचं चिन्ह पडद्यावर येई. फ्लॉपी बाहेर काढणारं बटणच त्या यंत्रावर नव्हतं. चिन्ह कचऱ्याच्या डब्यावर ओढलं की सॉफ्टवेअर आधी लिखाण पुरं करी आणि मोटर फ्लॉपी बाहेर ढकले. आयबीएम पीसीच्या ड्राईव्हमध्ये ही सोय नव्हती. तिथे फ्लॉपी काढण्याचं बटण निव्वळ यांत्रिक होतं. संगणकाला न विचारता कोणीही ती उपटू शके, आणि नवी फ्लॉपी आल्याची वर्दीही नीट मिळत नसे.

१९९१मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यानं लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहिला तो या पीसीवर, आणि नियम उचलले ते युनिक्सचे. सगळ्या अडचणीचं बीज इथे आहे. अनेक माणसांसाठी घडवलेली शिस्त एका माणसाच्या टेबलावरच्या यंत्राला लागू झाली. तोच मालक, तोच व्यवस्थापक, तोच वापरणारा. तरी फ्लॉपी उघडायला त्याला दर वेळी आधी रूट व्हावं लागे. कंटाळून कित्येक जण कायमच रूट म्हणून काम करू लागले. सुरक्षिततेसाठी केलेल्या नियमामुळेच लोक सर्वांत असुरक्षित सवयीकडे ढकलले गेले.

तोडगे अर्थातच निघाले. डिस्कांची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ या फाइलीत ‘यूजर’ असा शब्द लिहिला, की साध्या वापरकर्त्यालाही ती डिस्क जोडता येई. मात्र त्याच वेळी तिच्यावरचे प्रोग्रॅम चालवण्याची आणि त्या धोकादायक खुणेची मुभा आपोआप रद्द होई. हा छोटासा शब्द महत्त्वाचा आहे. ‘जोडू द्या, पण जोडलेल्यावर विश्वास ठेवू नका’ हे पुढच्या सगळ्या रचनांचं तत्त्व त्यात आधीच होतं. ‘एमटूल्स’ नावाच्या प्रोग्रॅमांचा संच तर फ्लॉपी न जोडताच तिच्यावरून फाइली उतरवून देई. १९९७मध्ये पीटर अँव्हिन यांनी ‘ऑटोएफएस’ लिहिलं. मुळात ते नेटवर्कवरच्या फोल्डरांसाठी होतं. एखाद्या फोल्डरमध्ये कोणी डोकावलं की ते डिस्क जोडी आणि काही वेळ वापर नसला की सोडवी. सीडीसाठीही लोक ते वापरू लागले. रेड हॅट या लिनक्सच्या तयार संचातला, म्हणजे ‘वितरणा’तला, ‘मॅजिकडेव्ह’ सीडी ड्राईव्हकडे पुन्हा पुन्हा पाहत बसे आणि सीडी दिसली की ती जोडून देई. ‘सुपरमाउंट’ हा कर्नलमधला बदल मँड्रेक वितरणानं काही आवृत्त्यांत बसवला; पण यंत्र अडकून बसण्याच्या तक्रारी त्याला चिकटल्या आणि मूळ कर्नलमध्ये त्याला कधीच जागा मिळाली नाही.

मग यूएसबी आली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये जाहीर झाली. इंटेलमध्ये तिच्या घडणीत आघाडीवर असलेले अजय भट्ट हे सयाजीराव गायकवाडांच्या नावानं चालणाऱ्या बडोद्याच्या विद्यापीठाचे विद्यार्थी. २०००मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थंबड्राईव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सनं घडवलेला, आयबीएमनं विकलेला ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. आयबीएमच्या पहिल्या पेनड्राईव्हमध्ये आठ मेगाबाइट मावत. जानेवारी २००१च्या २.४ या कर्नलपासून लिनक्सला यूएसबी चांगली कळू लागली.

पेनड्राईव्हनं प्रश्नाची मांडणीच पालटली. फ्लॉपी आणि सीडीच्या बाबतीत ड्राईव्ह यंत्रात कायम असे, चकती तेवढी बदले. आता अख्खं उपकरणच येत-जात होतं. ते आल्याची खबर कर्नलला लगेच मिळे, म्हणजे जुनी अडचण मिटली. पण त्याला नाव काय द्यायचं? युनिक्सच्या प्रथेप्रमाणे प्रत्येक उपकरणासाठी ‘डेव्ह’ या फोल्डरमध्ये एक विशेष फाइल असते. ती वितरणानं आधीच बनवून ठेवलेली असे. संगणकाला कधी लागतील-न लागतील अशा शेकडो उपकरणांच्या फाइली तिथे पडलेल्या असत. पेनड्राईव्ह कर्नलला ‘स्कझी’ जातीची डिस्क म्हणून दिसे आणि आलेल्या क्रमानं ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावं मिळत. सकाळी एसडीए असलेला पेनड्राईव्ह दुपारी कॅमेरा आधी लावल्यामुळे एसडीबी होई, आणि एफएसटॅबमध्ये लिहिलेली ओळ खोटी पडे.

ऑस्ट्रेलियाच्या रिचर्ड गूच यांनी यावर ‘डेव्हएफएस’ लिहिलं होतं. जी उपकरणं खरोखर हजर आहेत त्यांच्याच फाइली ते कर्नलच्या आतून तयार करी. काही वर्षं ते मूळ कर्नलबाहेर सांभाळल्यावर २०००मध्ये ते आत घेतलं गेलं. पण नाव काय द्यायचं हे कर्नलनं ठरवावं का, यावर वाद पेटला, आणि संहितेतल्या दोषांवर कडक टीका झाली. २००३मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ जाहीर केलं आणि त्या जुलैत ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यावर निबंध सादर केला. त्यांचं म्हणणं सुटसुटीत होतं. कर्नलनं फक्त ‘असं असं उपकरण आलं’ एवढं कळवावं. नाव देण्याचं काम बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमकडे असावं आणि त्याचे नियम कोणालाही बदलता यावेत. पॅट्रिक मोशेल यांच्या ‘सिसएफएस’नं प्रत्येक उपकरणाचा निर्माता, अनुक्रमांक आणि कोणत्या जोडणीवर ते आहे हा तपशील मांडून ठेवला होताच. डिसेंबर २००३च्या २.६ कर्नलबरोबर या दोन्ही गोष्टी वापरात आल्या. २००६मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून काढून टाकलं गेलं. गूच यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता, हे मात्र विसरता कामा नये. उत्तर तेवढं दुसऱ्या जागी सापडलं.

एवढ्यानं उपकरणाला नाव मिळालं. खिडकी उघडायला अजून बरंच बाकी होतं.

२००३च्या उन्हाळ्यात रेड हॅटमधल्या हॅवक पेनिंग्टन यांनी हार्डवेअर विनासायास चाललं पाहिजे, अशी मांडणी करणारं टिपण लिहिलं. डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ‘डी-बस’ नावाच्या निरोप-व्यवस्थेवर त्यांचं काम आधीपासून चालू होतं. डेन्मार्कच्या डेव्हिड झॉयथेन यांनी त्या टिपणातली कल्पना उचलून ‘हॅल’ हा मध्यस्थ लिहिला. कर्नलवर काम करणारे रॉबर्ट लव्ह तेव्हा नुकतेच झिमियनमध्ये आले होते. ती कंपनी नॉव्हेलनं विकत घेतलेली होती. त्यांनी या सगळ्या तुकड्यांना एकत्र गुंफण्याच्या कामाला ‘प्रोजेक्ट युटोपिया’ हे नाव दिलं आणि ‘ग्नोम व्हॉल्यूम मॅनेजर’ लिहिला. सप्टेंबर २००४मध्ये ग्नोम या डेस्कटॉपच्या २.८ आवृत्तीत तो आला, आणि त्या वर्षअखेरच्या आत उबुंटूची पहिली आवृत्ती व फेडोराची तिसरी यांनी तो घरोघर पोहोचवला.

साखळी अशी चाले. पेनड्राईव्ह लागला की कर्नल खबर देई. यूडेव्ह त्याची फाइल बनवी. डिस्कच्या ठराविक जागचे काही बाइट वाचून तिच्यावर कोणती फाइल सिस्टीम आहे ते ओळखलं जाई. लिनक्सच्या स्वतःच्या ‘एक्स्ट’ कुळाची खूण, उदाहरणार्थ, सुरुवातीचे १,०८० बाइट सोडून पुढच्या दोन बाइटांत असते. ही सगळी माहिती हॅल एका नोंदीत गोळा करी आणि डी-बसवरून पुकारा करी. तो ऐकून ग्नोमचा व्यवस्थापक ठरवी: गाण्यांची सीडी असेल तर वाजवायची, कॅमेरा असेल तर छायाचित्रं उतरवायची का ते विचारायचं, पेनड्राईव्ह असेल तर जोडून खिडकी उघडायची. खालच्या थरांनी फक्त वस्तुस्थिती सांगायची आणि निर्णय वापरणाऱ्याच्या आवडीनिवडी ठाऊक असलेल्या थरानं घ्यायचा, ही या रचनेची ताकद. केडीई हा दुसरा मोठा डेस्कटॉपही त्याच हॅलचं ऐकू लागला, म्हणून दोन प्रतिस्पर्ध्यांना एकाच पायावर उभं राहता आलं.

प्रत्यक्ष जोडायचं कोणाच्या अधिकारानं, हे मात्र प्रत्येक वितरणानं आपापल्या परीनं सोडवलं. फेडोरात पेनड्राईव्ह लागला की एक प्रोग्रॅम एफएसटॅबमध्ये ओळ घाली आणि काढला की पुसे. व्यवस्थापकानं हातानं लिहायच्या फाइलीत यंत्रानं ढवळाढवळ करणं अनेकांना रुचलं नाही. डेबियन आणि उबुंटूत मार्टिन पिट यांचा ‘पीमाउंट’ होता. ठराविक गटातल्या माणसांना काढता येणारी उपकरणं तेवढी जोडू देणारा. जानेवारी २००४मध्ये फोल्डरांच्या रचनेचं मानक ठरवणाऱ्यांनी या कामासाठी ‘मीडिया’ नावाचं वेगळं फोल्डर मान्य केलं, त्यामुळे निदान जागेबद्दल एकमत झालं.

याच काळातली एक चूक बरंच शिकवून गेली. पेनड्राईव्ह लोक न सांगता उपटतात, म्हणून काही ठिकाणी तो अशा पद्धतीनं जोडला जाई की प्रत्येक तुकडा ताबडतोब लिहिला जावा. हेतू चांगला होता. पण पेनड्राईव्हवर सहसा असणाऱ्या फॅट फाइल सिस्टीमची मुख्य नोंदवही डिस्कवर एकाच जागी असते. २००५मध्ये कर्नल ही सूचना फॅटवर काटेकोर पाळू लागला, तेव्हा मोठी फाइल लिहिताना त्याच जागेवर हजारो वेळा लिखाण होऊ लागलं. काम रखडलंच, शिवाय फ्लॅश मेमरीची तीच जागा झिजू लागली. पुढे फॅटसाठी ‘फ्लश’ हा मधला मार्ग निघाला. त्यात लिखाण थोपवून ठेवत नाहीत आणि तुकड्यातुकड्यानंही करत नाहीत. फाइल पुरी झाली की ती लगेच उतरवतात.

मराठी वापरणाऱ्यांना जोडणीच्या आणखी एका पर्यायाशी झुंजावं लागे. फॅटवरची लांब नावं युनिकोडमध्ये साठवलेली असतात, पण लिनक्स ती मुळात पश्चिम युरोपीय अक्षरसंचात बदलून दाखवी. देवनागरीत नाव दिलेली फाइल मग प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसे. जोडताना ‘यूटीएफ-८’ असं बजावावं लागे. हातानं माउंट करणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? आपोआप जोडणाऱ्या व्यवस्थेनं ते मुकाट्यानं करायला सुरुवात केली आणि हा त्रास कित्येकांच्या नकळत संपला.

हॅल मात्र फुगत गेला. डिस्क, बॅटरी, कीबोर्ड, आवाज, सगळ्याचा हिशेब तो ठेवू लागला. मे २००७मध्ये इंटेलनं ‘पॉवरटॉप’ हे साधन प्रसिद्ध केलं. लॅपटॉपच्या प्रोसेसरला झोपेतून वारंवार कोण उठवतं हे ते दाखवी. सीडी आली का हे पाहण्यासाठी दर दोन सेकंदांनी उठणारा हॅल त्यात सापडला, आणि ती तपासणी बंद करण्याचा सल्ला ते साधनच देऊ लागलं. २००८मध्ये खुद्द झॉयथेन यांनीच हॅल मोडीत काढायला घेतला. त्यांनी डिस्कांपुरता वेगळा भाग लिहिला. त्याचंच पुढे ‘यूडिस्क्स’ झालं. सीडीवर नजर ठेवण्याचं काम २०११मध्ये कर्नलनं स्वतःकडे घेतलं. लाखो यंत्रांवर चालणारी आपलीच रचना तिच्या कर्त्यानं चार-पाच वर्षांत बाजूला ठेवावी, हे विशेष आहे. संहिता खुली असल्यामुळे तिचे दोष सर्वांसमोर होते. त्यांवर पांघरूण घालून चाललं नसतं.

यूडिस्क्सबरोबर अधिकाराच्या प्रश्नाला अखेर नेमकं उत्तर मिळालं. ‘पोलकिट’ ही परवानगी-व्यवस्था विचारते: हा माणूस आत्ता या यंत्रासमोर बसून काम करतो आहे का? तसं असेल तर पेनड्राईव्ह पासवर्डशिवाय जोडला जातो. तोच माणूस दूरवरून नेटवर्कनं आत आला असेल, किंवा त्याला यंत्रातली कायमची डिस्क जोडायची असेल, तर व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. जोडलेल्या डिस्कवरची सर्वाधिकाराची खूण निष्प्रभ केलेली असते. यूडिस्क्सच्या २०१२च्या दुसऱ्या पिढीत प्रत्येकाला आपलं खासगी फोल्डर मिळालं. एकाचा पेनड्राईव्ह त्याच यंत्रावरच्या दुसऱ्याला दिसेनासा झाला.

डिस्क जोडता आली तरी तिची फाइल सिस्टीम कायद्यानं वाचता येईलच असं नव्हतं. फेब्रुवारी २००९मध्ये मायक्रोसॉफ्टनं लिनक्स वापरणाऱ्या टॉमटॉम या नकाशायंत्रांच्या कंपनीवर फॅटच्या लांब नावांच्या पेटंटांसह खटला भरला. महिन्याभरात तडजोड झाली. ३२ गिगाबाइटांहून मोठ्या एसडी कार्डांसाठी एक्सफॅट ही मायक्रोसॉफ्टचीच फाइल सिस्टीम ठरली होती, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड लिनक्सवर लावलं की पुष्कळदा जोडता येत नसल्याचाच संदेश येई. ऑगस्ट २०१९मध्ये कंपनीनं तिचा तपशील खुला केला. २०२०च्या ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगनं लिहिलेला चांगला चालक आला.

आपोआप जोडण्याची किंमतही दिसू लागली होती. २०११च्या सुरुवातीला आयबीएमचे संशोधक जॉन लॅरिमर यांनी उबुंटू १०.१०वर एक प्रात्यक्षिक दाखवलं. पडदा कुलूपबंद असताना त्यांनी पेनड्राईव्ह लावला; तो जोडला गेला, आतल्या फाइलींची छोटी चित्रं तयार करणारा प्रोग्रॅम एका बनावट फाइलीला फसला आणि कुलूप निघालं. प्रात्यक्षिकासाठी काही संरक्षणं बंद केलेली होती, तरी मुद्दा पोहोचला. पडदा कुलूपबंद असताना आलेला पेनड्राईव्ह ग्नोम आता तसाच थांबवून ठेवतो आणि मालक परतल्यावर जोडतो. २०१८मध्ये केडीईच्या प्लाझ्मात याहून साधा दोष निघाला: पेनड्राईव्हच्या नावातच विशिष्ट चिन्हांत आज्ञा लिहिली, तर जोडताना ती चालून जाई. केडीई तेव्हाही आणि आजही नव्या पेनड्राईव्हची सूचना तेवढी देतो. तो जोडायचा की नाही हे वापरणाऱ्यावर सोडतो.

कर्नलमधल्या फाइल सिस्टीम सांभाळणाऱ्यांची काळजी वेगळी आहे. डिस्क बिघडलेली असू शकते हे गृहीत धरून त्यांनी संहिता लिहिली. कोणी मुद्दाम घडवलेली, कर्नललाच फसवणारी डिस्क आणेल हे त्यात धरलेलं नव्हतं. अशा बनावट डिस्का आपोआप घडवून कर्नलवर डागणारी चाचणी-यंत्रं आता सतत नवे दोष शोधतात. म्हणून सुसे या वितरणानं २०१९च्या सुमारास क्वचित वापरातल्या फाइल सिस्टीमांचे घटक आपोआप चढणं बंद केलं. ज्याला हवं त्यानं ते स्वतः सुरू करायचे. दुसरीकडे, परक्या डिस्का कर्नलच्या आत वाचूच नयेत, वापरकर्त्याच्या मर्यादित अधिकारांत चालणाऱ्या ‘फ्यूज’सारख्या व्यवस्थेतून वाचाव्यात, यावर काम सुरू आहे.